जुनी बंदूक आणि उभे पीक

रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत मक्याचे शेत आडवे केले की दुसऱ्या दिवशी गावात एक प्रश्न हमखास निघतो : एखादी जुनी, स्वस्तातली बंदूक घेऊन ठेवावी काय? बिहारच्या टाल क्षेत्रात तो नीलगायीमुळे विचारला जातो, उत्तराखंडात आणि केरळात रानडुकरांमुळे. विस्तार कार्यकर्त्याकडे मात्र या प्रश्नाचे उत्तर बहुधा नसते. कीटकनाशकाची मात्रा तो मिलिलिटरमध्ये सांगतो. बंदुकीचा विषय निघताच ‘वनखात्याला विचारा’ असे म्हणून मोकळा होतो. परिणामी शेतकऱ्याला सल्ला देणारा एकच उरतो, आणि तो म्हणजे बंदूक विकणारा. ही स्थिती बदलायला हवी.

प्रथम जुन्या बंदुकीचे गुण मान्य करावेत. निगा राखलेली बंदूक दोन-तीन पिढ्या चालते. तीत झिजणारे भाग थोडे असतात. वैयक्तिक आयात १९८०च्या दशकात थांबल्यापासून परदेशी बनावटीची शस्त्रे आपल्याकडे बहुतांशी जुनीच मिळतात, आणि नावाजलेल्या नावापायी त्यांची किंमत उगाच फुगलेली असते. कामापुरते साधन हवे असणाऱ्याने या नावांच्या मागे लागू नये. आयुध निर्माणीची साधी १२ बोअर बंदूक किंवा ३१५ बोअरची रायफल दिसायला ओबडधोबड असेल. पण तिची काडतुसे देशात तयार होतात. परदेशी बोअरची देखणी रायफल काडतुसांअभावी भिंतीवरच राहते. ज्या फवारणी पंपाचे वायसर तालुक्याला मिळत नाही तो पंप कितीही नामांकित असला तरी कामाचा नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

जुनी बंदूक पारखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. रिकामी असल्याची खात्री करून नळी उजेडाकडे धरावी व आतून पाहावी. गंजाचे खड्डे किंवा बाहेरून पोचा दिसला तर सौदा तेथेच सोडावा. दुनळी बंद केल्यावर नळ्या आणि दस्ता यांच्या सांध्यात खडखड नसावी. सुरक्षा-खटका लावलेला असताना चाप दाबून घोडा सुटता कामा नये. काळ्या दारूच्या काळातील, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळवून केलेल्या नळ्यांत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतू शकते. पूर्वीच्या अनेक १२ बोअर बंदुकांचा काडतुसाचा कप्पा अडीच इंची असतो. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसल्यासारखे वाटते, पण उडताना दाब धोकादायक वाढतो. म्हणून जाणत्या परवानाधारक कारागिराकडून तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कायद्याची बाजू तितकीच महत्त्वाची आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम १३ पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख करते. ती अपुरी पडेल असे परवाना अधिकाऱ्याला पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूकही मंजूर होऊ शकते. रायफलसाठी मात्र ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. हा भेद निरर्थक नाही. १२ बोअरच्या छऱ्यांचा जोर थोड्याच अंतरात ओसरतो. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर पलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. ज्या शिवारात रात्री पाण्याची पाळी द्यायला माणसे फिरतात, तेथे सपाट जमिनीवरून रायफल चालवणे पिकापेक्षा माणसालाच महाग पडेल. जुने शस्त्र विकणाऱ्यालाही जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. ‘कागद नंतर करू’ असे म्हणणाऱ्याकडून बंदूक घेणे म्हणजे गुन्हा विकत घेणे होय.

येथे एक गैरसमज फार खोल रुजला आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. बिहार व उत्तराखंडात २०१५-१६ मध्ये काही प्राणी ‘उपद्रवी’ घोषित झाले, तेही ठरावीक भागांत आणि ठरावीक मुदतीपुरतेच. परवाना आणि परवानगी हे दोन वेगळे कागद आहेत, एवढे जरी विस्तार कार्यकर्त्याने ठासून सांगितले तरी अनेक घरे कोर्टकचेरीतून वाचतील.

आता मूळ प्रश्न : बंदुकीने पीक वाचते काय? कीडव्यवस्थापनाची शिस्त येथे उपयोगी पडते. दिसणारी एक अळी मारून बोंडअळी आटोक्यात येत नाही; डुकरांचेही तसेच आहे. मादी लवकर वयात येते आणि एका वेताला साधारण चार ते सहा पिले देते. युरोपात शिकार सर्रास चालू असूनही रानडुकरांची संख्या गेली काही दशके वाढत राहिली. अमेरिकेतील मिसुरी राज्याने तर २०१६ मध्ये आपल्या संवर्धन क्षेत्रांत मोकाट डुकरांच्या शिकारीवरच बंदी घातली; कारण एखाददुसरे डुक्कर टिपले गेले की उरलेला कळप पांगतो, सावध होतो आणि संपूर्ण कळप सापळ्यात पकडण्याचे काम फसते. जेथे रायफल घरोघरी आहे तेथला हा अनुभव आपल्याला दुर्लक्षून चालणार नाही.

तेव्हा बंदुकीचे स्थान एकात्मिक कीडव्यवस्थापनात रासायनिक फवारणीचे जे स्थान आहे तेच असावे : अखेरचे, मोजके आणि नोंद ठेवून वापरलेले. तिच्याआधी योग्य रीतीने उभारलेले सौरकुंपण, मक्याभोवती एरंडीच्या ओळी, भुईमुगाभोवती काटेरी करडई, पीक भरण्याच्या काळातील सामूहिक राखण आणि शिवाराच्या कडेची झुडपे साफ करणे ही कामे येतात. कुंपणात घरगुती वीज सोडण्याचा मार्ग मात्र कायम वर्ज्य; त्याने शेजाऱ्याचा आणि स्वतःचाही जीव जातो.

इतके करूनही नुकसान थांबले नाही, तर घरागणिक बंदूक घेण्यापेक्षा गावात एक प्रशिक्षित परवानाधारक, त्याच्याकडे तपासलेली एक बंदूक आणि त्याच्या नावे वनखात्याची लेखी परवानगी, ही व्यवस्था कमी खर्चाची आणि अधिक सुरक्षित ठरेल. त्यासाठी विस्तार कार्यकर्त्याने नुकसानीची नोंदवही गावातच सुरू करून द्यावी : कोणते पीक, कोणती अवस्था, किती क्षेत्र, कोणता प्राणी, कोणती रात्र. हीच वही भरपाईच्या पंचनाम्याला आधार देईल, परवानगीच्या अर्जाला वजन देईल आणि कोणत्या उपायाने खरोखर फरक पडला हेही दाखवील.

जुनी बंदूक स्वस्त पडते की महाग, हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. ती कोणाच्या हाती, कोणत्या परवानगीने आणि कितव्या उपायानंतर आली यावरून ठरते. हा हिशेब शेतकऱ्याला विक्रेता मांडून दाखवणार नाही. तो विस्तार यंत्रणेनेच मांडला पाहिजे.