पाळण्याची दोरी एकाच हाती नको

मूल सांभाळणाऱ्या मावशी एखाद्या सकाळी आल्या नाहीत, म्हणजे नोकरदार घरात जी धांदल उडते ती आता सर्वांच्या परिचयाची झाली आहे. चार ठिकाणी फोन होतात, थोडी चिडचिड होते, 'आज रजा कोणी घ्यायची' यावर पती-पत्नीत दोन शब्द होतात आणि बहुधा आईच रजेचा अर्ज लिहिते. दुसऱ्या दिवशी मावशी येतात आणि प्रसंग विसरला जातो. एका घराची एका दिवसाची गैरसोय, एवढेच त्याचे मोल धरले जाते. वस्तुतः ही गैरसोय त्या घराच्या उंबरठ्याशी थांबत नाही. ती एका घरातून दुसऱ्या घरात उतरत जाते आणि शेवटी जिला नाही म्हणता येत नाही, अशा कोणाच्या तरी पदरात पडते. ती कोण, हे शहरात सहसा दिसत नाही. खेड्यात मात्र दिसते.

वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी) हे असेच एक गाव. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे, शाळा आहेत, अंगणवाड्या आहेत. पगारावर काम करणारी आई आणि रोजमजुरीवर जाणारी आई, दोघी येथे एकाच गावच्या वाटेवर भेटतात. समजा, अशा गावात लसीकरणाच्या दिवशी एखाद्या आरोग्यसेविकेचे बाळ सांभाळायला येणारी बाई आली नाही. आरोग्यसेविकेला घरी थांबावे लागले की त्या दिवशीचे लसीकरण पुढे ढकलले जाते. मजुरी बुडवून बाळे घेऊन आलेल्या आया परत जातात आणि पुढच्या वेळी त्या येतीलच याची खात्री नसते. आणि ती सांभाळणारी बाई तरी का आली नाही? तिचे स्वतःचे मूल तापाने फणफणलेले होते आणि त्याच्याजवळ बसायला घरात दुसरे कोणी नव्हते!

रोजमजुरीवर जाणाऱ्या आईला पगारी मावशी परवडत नाही. तिचे बाळ सांभाळते ती घरातली सासू. पावसाळ्यातले निंदण, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी, ही कामे कोणासाठी थांबत नाहीत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बोंडे फुटली की वेचणारणींची टोळी शेतात गेलीच पाहिजे, नाही तर अवकाळी पावसात कापूस भिजतो. अशा दिवसांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या, किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी परगावी गेल्या, तर आईपुढे दोनच वाटा उरतात. बाळाला शेतावर न्यायचे आणि निंबाच्या फांदीला झोळी बांधायची, ही पहिली. ज्या शेतात कीटकनाशक फवारले जाते तेथे ही झोळी किती सुरक्षित? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले. जे विष धडधाकट माणसाला पचले नाही, त्याच्या वाऱ्याला तान्हे बाळ निजवायचे काय? दुसरी वाट सोपी आणि म्हणूनच अधिक रुळलेली. थोरल्या मुलीला शाळेतून घरी बसवायचे.

तेव्हा आपल्या समाजाने पर्यायी व्यवस्था केलेलीच नाही, असे म्हणता येणार नाही. व्यवस्था आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिचे वय नऊ-दहा वर्षांचे आहे.

कडेवर भाऊ घेऊन दारात उभ्या असलेल्या या मुलीचे 'किती समजूतदार पोर आहे' असे कौतुकही होते. त्या कौतुकाची किंमत मात्र कोणी मोजत नाही. आज एक दिवस, पुढच्या आठवड्यात दोन, ऐन वेचणीत सलग आठवडा. भागाकार शिकविला त्या दिवशी ती घरी होती. अपूर्णांक सुरू झाले तेव्हाही घरीच होती. मग गणित येत नाही म्हणून वर्गात बसणे नकोसे होते, आणि शाळा नकोशी झाली की घरात लग्नाची बोलणी वेळेआधीच सुरू होतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा अधिकार दिला. हजेरीपटावर तिचे नावही असते. नाव शाळेत आणि मुलगी पाळण्यापाशी!

हे दुखणे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेले. धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम मुलींवर असल्याने त्या शाळेत येऊ शकत नाहीत, हे या दोघींच्या ध्यानी आले. मुलींना उपदेश करीत बसण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचे नाव विकासवाडी. भावाला कडेवर घेऊन आलेली बहीण त्याला पाळणाघरात सोपवून स्वतः वर्गात बसू लागली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' हा शब्दही येथेच रुजला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर पोहोचला. वर्ध्याच्या भूमीलाही हा विचार नवा नाही. १९३७ च्या शिक्षण परिषदेपासून नयी तालीमचे प्रयोग येथेच झाले आणि १९४५ च्या सेवाग्राम परिषदेने शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मुलांचाही विचार त्या शिक्षणात समाविष्ट केला.

मग आज अडते कोठे? अंगणवाडी प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी काही तास भरते, आणि आई शेतातून परतते ती संध्याकाळी. तीन वर्षांखालील बाळाला तर तेथे दिवसभर ठेवण्याची सोय सहसा नसतेच. त्यातही सारा भार एक सेविका आणि एक मदतनीस यांच्यावर. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढीसाठी सुरू केलेला संप जानेवारी २०२४ पर्यंत चालला. त्यांच्या मागण्यांबद्दल सहानुभूती असणाऱ्यालाही एक गोष्ट कबूल करावी लागेल की, ऐन वेचणीच्या त्या दिवसांत त्यांच्या जागी उभे राहील असे गावाजवळ काहीच नव्हते. कायद्यांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली तर एका महिलेला मजुरी देऊन त्यांच्या सांभाळासाठी नेमावे, अशी तरतूद केली गेली. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक ठरली. २०२२ पासून 'पाळणा' योजनेतून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा मार्गही खुला झाला. परंतु दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारणीपर्यंत यांतले किती पोहोचते?

येथे कोणी म्हणेल, एकत्र कुटुंब टिकले असते तर हा प्रश्नच उद्भवला नसता. त्यात तथ्य आहे. पण ते नीट समजून घेतले पाहिजे. एकत्र कुटुंबाचे बळ एका छपराखाली असलेल्या अनेक हातांत होते. आजी नसली तर काकू, काकू नसली तर आत्या. ते हात आता पुण्या-नागपुरात विखुरले आहेत, आणि घरी उरलेल्या एकट्या आजीने सत्तरीतही रोज मूल कडेवर घ्यावे, ही अपेक्षा संस्कृतीच्या नावाने करणे योग्य नव्हे. कुटुंबाची खरी आठवण ठेवायची असेल तर ते अनेक हात शेजारातून पुन्हा उभे करावे लागतील.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. आगाऊ विचार लागतो. लहान मुले असलेल्या चार घरांनी दसऱ्यापूर्वी एकत्र बसावे आणि अडीच्या दिवशी कोणाचे मूल कोणाकडे राहील, हे ठरवून टाकावे. मुलाला ते घर आणि तेथला माणूस आधीच ओळखीचा हवा. म्हणून आठवड्यातून एखादी दुपार त्याने तेथे काढावी. संकटाच्या सकाळीच अनोळखी हाती सोपविलेले मूल दिवसभर रडते आणि मग पुन्हा शाळेतून बहिणीलाच बोलाविले जाते. दूध आणि जेवणाच्या वेळा, औषधे, न सोसणारे पदार्थ, आईवडिलांचे फोन क्रमांक आणि १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा, एवढे एका कागदावर लिहून दोन्ही घरी लावावे. पाण्याचे टाके झाकलेले आहे ना, फवारणीची बाटली कुलपात आहे ना, चूल आणि उघड्या तारा मुलाच्या हाताबाहेर आहेत ना, हे प्रत्यक्ष पाहावे. तापाचे मूल इतर मुलांत मिसळू देऊ नये. त्याच्याजवळ बसणारे माणूस त्याच्याच घरी यावे. आणि जी आपली मजुरी सोडून दुसऱ्याचे मूल सांभाळते तिला मोबदला मिळाला पाहिजे. नुसत्या पुण्यावर दोन दिवस निभतील, हंगाम निभणार नाही.

गावपातळीवर हेच काम महिला बचत गट आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतील. आपल्या उत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करणे राज्यातील ग्रामपंचायतींना बंधनकारक आहे. त्यातून वेचणीच्या महिन्यांपुरते समाजमंदिरात पाळणाघर चालविता येईल. तेथे एक नव्हे, दोन प्रौढ महिला नेमाव्यात. एक आली नाही तरी दार उघडे राहिले पाहिजे.

या चार घरांची निवड हीच मोठी कसोटी ठरेल. ती चारही घरे एकाच जातीची, एकाच आळीतली असतील तर व्यवस्था चालेल, पण समरसता घडणार नाही. ज्या वस्तीतून मजुरीला बाया येतात त्या वस्तीतील माउलीच्या मांडीवर आपले बाळ ठेवताना, आणि तिचे बाळ आपल्या ओसरीवर निजविताना मन अडखळते का, हे प्रत्येकाने तपासावे. व्यासपीठावरील भाषणापेक्षा ही परीक्षा कठीण आहे.

शहरातील घरांकडेही याचा एक भाग येतो. सांभाळणाऱ्या मावशींना आठवड्याची ठरलेली सुटी, आजारपणाची पगारी रजा आणि त्यांच्या गैरहजेरीत काय करायचे याची आधीच केलेली योजना, हे मालकाच्या घराचे काम आहे. त्यांचे मूल कोण सांभाळते, हा प्रश्न कामावर ठेवतानाच विचारला पाहिजे; कारण त्याचे उत्तर 'तिची दहा वर्षांची बहीण' असे असेल, तर आपल्या घरातील निश्चिंती कोणाच्या तरी शाळेतून उधार घेतलेली आहे.

संपर्कासाठी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याने यंदा एक प्रश्न सोबत न्यावा: 'उद्या सकाळी आजी उठू शकल्या नाहीत, तर बाळ कोणाजवळ राहील?' उत्तरात एखाद्या शाळकरी मुलीचे नाव आले, तर त्या घरी आपले काम अजून बाकी आहे, असे समजावे.