गिरीराज आणा, पण गावठी राखा

मैत्रिणींनो, आपल्या या पानावर सोन्याच्या भावापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळ्याची चर्चा होते. मग परसातल्या कोंबडीनंच काय घोडं मारलंय? ज्यांच्या घरी खुराडं आहे त्यांना ठाऊक आहे, की अडीअडचणीला नवऱ्यापुढे हात न पसरता जे दोन पैसे मिळतात, ते बऱ्याचदा याच खुराड्यातून येतात. शाळेच्या सहलीची वर्गणी, अचानक आलेला पाहुणा, माहेरी जायचं एसटीचं भाडं. अंड्यांचे पैसे कुणी वहीत लिहीत नाही, म्हणून त्यांची किंमत कुणाला दिसत नाही. म्हणूनच नवी कोंबडी आणताना कोणती आणायची हा प्रश्न मला अजिबात छोटा वाटत नाही.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, टॉवर उभे राहिले. तरी आगाशी, निर्मळ, नंदाखाल, भुईगावच्या वाड्यांमध्ये अन् पूर्वेला पारोळ, मेढ्याच्या पाड्यांवर पाच-पंधरा कोंबड्या अजून दिसतात. त्यात सगळी खिचडी असते. दोन गावठी, एखादी बिनपिसांच्या मानेची, एखादी योजनेतून आलेली गिरीराज आणि कुणाच्या तरी मामाकडून आलेला कोंबडा. या खिचडीत नवी भर घालायची वेळ आली, की निर्णय कोण घेतं? टेम्पोवाला घेतो, योजना घेते, नाहीतर मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून घरातला कर्ता पुरुष घेतो. दाणे टाकणारी, खुराडं झाकणारी, रात्री मुंगसाच्या चाहुलीनं उठणारी बाई मात्र विचारातच घेतली जात नाही.

म्हणून आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मला या कोंबडीकडून काय हवंय? घरात खायला अंडी, विकायला अंडी, सणावाराला विकता येईल असा वजनदार कोंबडा, की दरवर्षी आपोआप वाढणारी पिलं? ही चारही कामं एकच जात करत नाही. जो विकणारा ‘सगळं करते हो ताई’ म्हणतो, त्याच्यापासून सावध राहायचं.

आता नावं घेऊन बोलू. आपली गावठी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. हे ऐकून लोक नाक मुरडतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली गिरीराज परसात १३० ते १५० अंड्यांपर्यंत जाते आणि तिचं वजनही चांगलं भरतं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं दोन जाती दिल्या. वनराज आणि ग्रामप्रिया. वनराज अंडी शंभराच्या थोडी वर देते, पण तिचे कोंबडे लवकर भरतात. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. मोकळ्यावर १६० ते १८० अंडी देते, पण तिचे कोंबडे तेवढे वजनदार होत नाहीत. या तिन्ही रंगीत पिसांच्या आहेत, ही परसाच्या दृष्टीनं जमेची बाजू. पांढरीशुभ्र कोंबडी घारीला लांबूनच दिसते.

नुसता आकडा पाहिला तर पाच ग्रामप्रिया म्हणजे वर्षाला ८०० अंडी आणि पाच गावठी म्हणजे जेमतेम पावणेतीनशे. मग गावठी ठेवायचीच कशाला? इथंच खरी मेख आहे.

आमच्या बचत गटातल्या एका काकींनी सगळ्या गावठी विकून सुधारित जातीच्या दहा आणल्या. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी त्या मला विचारू लागल्या, ‘‘अगो, ह्या खुडूकच होत नाहीत ना! पिलं कुठून आणायची?’’ खरंच आहे. गिरीराज, वनराज, ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाहीत. खुडूक झालेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी निवड करताना तो गुण बाजूला ठेवला. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण परसात त्याचा अर्थ असा, की दर दीड-दोन वर्षांनी पिलं विकत आणावी लागतात. आपण त्यांची अंडी उबवली तरी पुढच्या पिढीत आईचे गुण तसेच उतरत नाहीत, कारण या जाती संकरातून आल्यात. म्हणजे कोंबडी आपल्या दारात, पण तिची पुढची पिढी दुसऱ्याच्या हातात!

गावठी मात्र दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन २१ दिवस बसते. वीज लागत नाही, बल्ब लागत नाही. पिलं बाहेर आली की त्यांना उकरायला शिकवते, घार दिसली की पंखाखाली घेते, आणि मोठी झाली की झाडावर चढून झोपायला शिकवते. वजनदार गिरीराजला उडता येत नाही, कुत्रं आलं की ती सापडते. तेव्हा गावठीच्या हिशेबात नुसती अंडी मोजून चालणार नाही. तिनं वाचवलेला पिलांचा, विजेचा आणि औषधाचा खर्चही मोजायला हवा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सुधारित जात जरूर आणा, पण गावठीच्या बदली नको, गावठीच्या जोडीला आणा. निदान तीन-चार चांगल्या खुडूक होणाऱ्या गावठी कधीही विकू नका. याचा आणखी एक फायदा सांगते. विकत आणलेली एक दिवसाची पिलं खुडूक गावठीच्या पोटाखाली रात्रीच्या अंधारात हळूच सरकवली, तर बऱ्याच जणी ती आपलीच समजून वाढवतात. मात्र पहिल्या दिवशी लक्ष ठेवा, एखादी टोचतेही. एवढं जमलं तर ग्रामप्रियेची अंडी आणि गावठीची माया, दोन्ही एकाच खुराड्यात!

पिलं घेताना आणखी एक विचारून घ्या. नर-मादी मिसळ आहेत का? बहुतेक वेळा असतात. दहा पिलांत चार-पाच कोंबडे निघाले तर अंड्यांचा हिशेब तिथंच कोलमडतो. अंडीच हवी असतील तर थोडे जास्त पैसे देऊन वाढवलेल्या तलंगा घेतलेल्या परवडतात. जत्रेत मिळणारी गुलाबी-हिरवी पिलं तर घेऊच नका. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली टाकून दिलेली नर पिलं असतात. आणि चाळीत किंवा सोसायटीच्या कडेला राहत असाल, तर नुसत्या खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी होणारं भांडणही वाचतं. पिलं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. मात्र लहानखुऱ्या गावठींमध्ये गिरीराजचा दांडगा कोंबडा सोडू नका, त्यांच्या पाठी सोलून निघतात. असील कोंबड्याचा रुबाब भारी, पण त्याच्या रक्तातच झुंज आहे. मिसळीच्या खुराड्यात तो दुसऱ्या कोंबड्याला जगू देत नाही.

आता कडकनाथ. काळी कोंबडी, काळं मांस. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या या जातीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं. पुढे महेंद्रसिंग धोनीनं कडकनाथची २ हजार पिलं मागवल्याची बातमी आली आणि घरोघरी त्याचंच नाव झालं. जात चांगली आहे, काटक आहे. पण अंगानं लहान, अंडी बेताची आणि खुडूक होण्याच्या बाबतीत आळशी. शिवाय तिला चढा भाव देणारं गिऱ्हाईक आपल्या गावात आहे का, हे आधी बघायला हवं. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचा कडकनाथ घोटाळा उघडकीस आला. पिलं आम्ही देतो, अंडी आणि कोंबड्या आम्हीच जादा भावानं परत घेतो, असं सांगून हजारो शेतकऱ्यांना फसवलं गेलं. तेव्हा परत खरेदीची हमी मिळाली की कोंबडीकडे बघू नका, हमी देणाऱ्याकडे नीट बघा. आणि गटाचं कर्ज काढून तर हा खेळ मुळीच नको.

जात ठरली, कोंबडी घरी आली, की लगेच खुराड्यात सोडायची घाई होते. ती टाळा. निदान तीन आठवडे नवीन पाहुणी वेगळी ठेवायची. आधी जुन्यांना दाणापाणी द्यायचं, मग नवीला, आणि हात धुवायचे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा खुराड्यात शिरली की दोन-चार दिवसांत सगळं साफ करते. त्यानंतर मध्ये जाळी ठेवून आठवडाभर एकमेकींची ओळख होऊ द्या. एकटी सोडू नका, दोघी-तिघी सोडा. सोडताना रात्री दांडीवर बसवा आणि दाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवा. सुनेला नव्या घरात रुळायला वेळ देतो, तसंच हे. लहान पिलं मोठ्या कोंबड्यांत कधीच सोडायची नाहीत, त्यांच्यासोबत त्यांची आई नसेल तर.

आपल्याकडे दोन गोष्टींची जास्त काळजी घ्यावी लागते. एक पावसाची. आपल्या ओल्या हवेत जमीन चिखल झाली की रक्ती हगवण आणि जंत होतात. त्यामुळे खुराडं जमिनीपासून उंच, खाली कोरडा भुसा आणि बाजूला राखेची पाटी हवी. कोकणच्या बाईला शिंपल्यांचा चुरा फुकट मिळतो, तो दाण्याच्या बाजूला ठेवा. अंड्याचं कवच मजबूत होतं. दुसरी काळजी साथीची. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या नवापूरला सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत आणि पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागातही तो आला. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लपवून विकू नका, खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. आपल्या पाच कोंबड्या वाचवण्याच्या नादात शेजारणीच्या पन्नास जातील.

आणखी एक सांगावंसं वाटतं, थोडं कडू आहे. ग्रामप्रियेचं तपकिरी अंडं गावठी म्हणून विकण्याची पद्धत पडतेय. कवचाचा रंग जातीवरून ठरतो. तपकिरी म्हणजे गावठी असंही नाही आणि तपकिरी म्हणजे जास्त पौष्टिक असंही नाही. मोकळ्यावरच्या कोंबडीचं ताजं अंडं म्हणून खरं सांगून विकलं, तरी गिऱ्हाईक आनंदानं घेतं. आपला बाजार विश्वासावर चालतो, तो चार रुपयांसाठी गमावू नये.

शेवटी गटांना आणि योजना राबवणाऱ्यांना विनंती. पिलं वाटण्याआधी त्या बाईला विचारा, तुला अंडी हवीत की पिलं? लसीची सोय आधी करा, वाटपाचे फोटो नंतर. राणीखेतच्या लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि बाटली फोडली की एक-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी एकटी बाई ती आणणार कशी? पण आळीतल्या दहा जणींनी एक दिवस ठरवला, दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं आणि बर्फाच्या डब्यातून एक बाटली आणली, तर प्रत्येकीला किरकोळ खर्च येतो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हा विषय काढा. कुणाकडे खुडूक होणाऱ्या चांगल्या गावठी आहेत, हेही विचारून ठेवा. दिवाळीनंतर पाऊस सरलेला असेल आणि पिलं काढायला हवा चांगली असेल. तेव्हा विकत आणायच्या जातीपेक्षा आपल्याच आळीतली ती गावठी जास्त कामाला येईल.