कॅमेऱ्याची साक्ष

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्या वाचकभगिनींकडून एकाच प्रकारची पृच्छा वारंवार येत आहे. घराच्या फाटकावर कॅमेरा बसविला; त्यांतील चित्रण काढून घेतलें; परंतु तें संगणकावर उघडतच नाहीं. उघडलें तर माणसें धांवत सुटल्यासारखीं दिसतात. तें सर्वांस पाहतां येईल अशा रूपांत आणावें कसें? प्रश्न यंत्राचा आहे आणि त्याचें उत्तर पुढें देणारच आहें. परंतु त्यापूर्वीं आमच्या घरीं घडलेली एक गोष्ट सांगणें मला प्राप्त आहे. या विषयांतील जें थोडेंबहुत ज्ञान मजपाशीं आहे तें एका चुकीच्या पायीं मिळालें आहे, आणि ती चूक माझी होती.

आम्ही नाशिकास गंगापूर रस्त्याच्या बाजूस राहतों. आमच्याकडे कॅमेरे आले ते चोरांच्या भयानें, तसेच बिबट्यांच्याहि. जानेवारी २०१९ मध्यें सावरकरनगरांत भरदिवसां बिबट्या शिरला. नोव्हेंबर २०२३ मध्यें सिडको आणि गोविंदनगर या गजबजलेल्या वस्त्यांत बिबटे आढळले. पहाटे दार उघडण्यापूर्वीं बाहेर काय आहे हें पाहतां आलें तर बरें, असें आम्हांसहि वाटूं लागलें. म्हणून दोन कॅमेरे बसविले: एक फाटक व अंगणांतील तुळशीवृंदावन यांकडे पाहणारा, दुसरा ओटीवरून माजघरांत जाणाऱ्या दाराकडे पाहणारा.

गेल्या कार्तिकांत, तुळशीच्या लग्नाच्या तयारीसाठीं, मीं चांदीचीं निरांजनें व पंचपात्र घासून तबकांत ठेवून तें ओट्याच्या कट्ट्यावर सुकत ठेविलें. अडीचच्या सुमारास तबक तेथें होतें. पांच वाजतां पाहतें तों नाहीं. घरांत सर्वांस विचारलें. मामंजींसहि विचारलें, ते शांतपणें म्हणाले, "मला ठाऊक नाहीं." मग आम्ही कॅमेऱ्याकडे वळलों. चोर यावयाचा तो फाटकांतूनच, या समजुतीनें फाटकावरचेंच चित्रण पाहिलें. अडीचपासून पांचपर्यंत एकच व्यक्ति बाहेर पडलेली दिसली: आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या बाई. हातांत पिशवी, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत वेळ चार वाजून पांच मिनिटें.

दुसऱ्या दिवशीं मीं त्यांना सहज विचारावें तसें विचारलें, "बाई, काल केव्हां गेलांत?"

"दीडच्या सुमारास, ताई. नेहमींप्रमाणेंच."

पडद्यावर चार वाजून पांच मिनिटें, आणि बाई म्हणतात दीड! आदल्या दिवशीं स्वयंपाकघरांतील गडबडींत त्या केव्हां गेल्या याकडे आमच्यांतील कोणाचेंच लक्ष नव्हतें. त्यामुळें यंत्राचा शब्द अखेरचा ठरला. मीं त्यांना चोर म्हटलें नाहीं. "तूर्त कांहीं दिवस येऊं नका," एवढेंच म्हटलें. आठ वर्षें ज्यांनीं आमच्या घरीं राबणूक केली, त्यांना या वाक्याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाहीं.

यजमानांच्या मनांत पोलिसांत वर्दी द्यावयाची होती. त्यासाठीं अर्ध्या तासाचें चित्रण यंत्रांतून काढलें, पण फाइल कांहीं केल्या उघडेना. ती पुण्यास भाच्याकडे धाडली. त्यानें तिचें रूपांतर करून मोबाइलवर परत पाठविली. त्या लहानशा चित्रांत फाटक, बाई आणि वेळेचे आंकडे स्पष्ट होते. इतर सारें अस्पष्ट होतें. आम्हांस तेवढेंच पुरेसें वाटलें.

नवव्या दिवशीं भाचा स्वतः आला. त्यानें यंत्राबरोबर मिळालेला मूळचा दर्शक-प्रोग्रॅम लावून मूळ चित्रण दूरदर्शनच्या मोठ्या पडद्यावर दाखविलें. सासूबाई जवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अग, ही चार वाजतांची सावली नव्हे."

वृंदावनाची सावली त्याच्या उंचीएवढीहि नव्हती. कार्तिकांत चार वाजतां ती दुपटीहून लांब होऊन ओट्याच्या पायरीपर्यंत पोंचते, हें सासूबाई चाळीस वर्षें रोज पाहत आल्या होत्या. मोबाइलवरील नकलेंत त्या जागीं नुसता काळसर डाग होता.

भाच्यानें उठून यंत्रांतील घड्याळ पाहिलें. मोबाइलमध्यें सहा वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. यंत्रांत आठ वाजून चाळीस. बरोबर अडीच तासांचा फरक! मागें एकदां वीज गेली तेव्हां यंत्र आपल्या मूळच्या मांडणीवर परत गेलें होतें. इंटरनेटवरून त्याचें घड्याळ मिनिटास मिनिट लागलें खरें, पण देश लागला चीन. तेथील वेळ ग्रीनिचच्या आठ तास पुढें, आपली साडेपांच तास पुढें. बाई दीडच्या सुमारास, एक वाजून पस्तीस मिनिटांनीं, गेल्या होत्या. त्यानंतर तासाभरानें मीं तें तबक जागच्या जागीं पाहिलें होतें.

मग खरा अडीच ते पांचचा काळ, म्हणजे यंत्रांतील पांच ते साडेसात, दोन्हीं कॅमेऱ्यांवर पाहिला. यंत्राच्या पांच वाजून वीस मिनिटांनीं ओटीच्या दारांतून मामंजी आंत येतांना दिसले. दोन्हीं हातांनीं तबक धरलेलें, पावलें जपून टाकलेलीं. चांदी त्यांच्या कपाटांत, पोथ्यांच्या मागें, स्वच्छ पंचांत गुंडाळलेली सांपडली. ते खोटें बोलले नव्हते. त्यांना आठवतच नव्हतें. त्यांच्या स्मृतीस उतार लागला आहे हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें, आणि वैद्यकीय सल्ला वेळेवर घेतां आला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं.

पहिली गोष्ट, घाई करावी ती चित्रण काढून घेण्याची. दर सेकंदास दोन मेगाबिट या मध्यम गतीनें लिहिणारा एक कॅमेरा दिवसास सुमारें २१.६ जीबी जागा व्यापतो. दोन कॅमेऱ्यांस ४३ जीबी लागतात, म्हणजे ५०० जीबीची तबकडी साडेअकरा दिवसांत भरते. पुढें यंत्र जुन्यावरच नवें लिहूं लागतें. आम्ही नवव्या दिवशीं जागे झालों. आणखी तीन दिवस गेले असते तर मामंजींचीं तीं दोन पावलें कायमचीं पुसलीं जाऊन बाईंवरचा डाग तेवढा राहिला असता. म्हणून हवें तेवढेंच चित्रण न काढतां, घटनेच्या पुढचे-मागचे कांहीं तास, सर्व कॅमेऱ्यांचे, काढून ठेवावे. त्याच वेळीं यंत्रांतील वेळ व मोबाइलमधील वेळ एकाच छायाचित्रांत येतील असें घेऊन ठेवावें. घड्याळ त्यानंतर दुरुस्त करावें, आधीं नव्हे. दिवसास दोन सेकंद चुकणारें घड्याळहि वर्षांत बारा मिनिटें चुकतें, हें ध्यानांत असावें.

दुसरी गोष्ट, फाइल कां उघडत नाहीं. फाइलीच्या नांवापुढें एमपीफोर, एव्हीआय, डीएव्ही असें जें आडनांव असतें तें डब्याचें होय. आंतील जिन्नस कोणता हें त्यावरून नक्की कळत नाहीं. आंत बहुधा २००३ सालीं ठरलेली एच-२६४ किंवा २०१३ सालची एच-२६५ या पद्धतीनें आवळलेलें चित्रण असतें. या पद्धतींत मधूनमधून एक संपूर्ण चित्र साठवितात आणि पुढच्या चित्रांत काय बदललें एवढेंच टिपून ठेवितात. म्हणूनच मध्येंच कापलेल्या तुकड्याच्या आरंभीं राखाडी ठिगळें दिसतात. कांहीं कारखानदार हा जिन्नस आपल्या स्वतःच्या डब्यांत भरून वर वेळ, कॅमेऱ्याचा अनुक्रम वगैरेंच्या चिठ्ठ्या लावितात. त्या चिठ्ठ्या वाचूं शकणारा दर्शक-प्रोग्रॅम चित्रण काढतांना सोबत मिळत असेल तर अवश्य घ्यावा. तो नसल्यास व्हीएलसी हा प्रोग्रॅम लावून पाहावा. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं सुरू केलेल्या उद्योगाचें हें फळ असून तो विनामूल्य मिळतो.

तिसरी गोष्ट रूपांतराची. त्याचे प्रकार दोन. एका बरणींतील लोणचें जसेंच्या तसें दुसऱ्या बरणींत काढावें, हा पहिला. लोणच्याची चव बदलत नाहीं. फक्त बरणी बदलते. एफएफएमपेग या, २००० सालीं फाब्रीस बेलार यांनीं आरंभिलेल्या, प्रोग्रॅममध्यें 'स्ट्रीम कॉपी' म्हणून जी सोय आहे ती हेंच काम कांहीं क्षणांत करते. दुसरा प्रकार म्हणजे शिजलेला पदार्थ पुन्हां शिजविणें. हँडब्रेक हा प्रोग्रॅम याच रीतीनें काम करतो. जुन्या संगणकास एच-२६५ समजत नसेल तर याला इलाज नाहीं. परंतु प्रत्येक वेळीं थोडा कस जातो. मोबाइलवरून संदेशांत पाठविलेलें चित्रण बहुधा आणखी एकदां आटविलें जातें. आमच्या वृंदावनाची सावली नाहींशी झाली ती याच रीतीनें. यास्तव शक्य तेथें पहिला प्रकार; दुसरा करावयाचाच तर नकलेवर. मूळ फाइलीस हात लावूं नये.

चौथी गोष्ट, माणसें धांवतात कां. याचें उत्तर नाशिककरांस नवें वाटूं नये. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या आणि नाशिकास चित्रनिर्मिति केलेल्या दादासाहेब फाळके यांच्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत आणि सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें घेत. पुढें बोलपटांसाठीं सेकंदास चोवीस हें प्रमाण ठरलें. मूकपट त्या गतीनें दाखविले कीं राजे आणि ऋषि लगबगीनें चालूं लागतात. घरच्या कॅमेऱ्याचें तसेंच आहे. त्यानें सेकंदास बारा चित्रें घेतलीं आणि रूपांतर करतांना वेळेची चिठ्ठी गळून पडली, तर प्रोग्रॅम पुष्कळदां पंचवीस हा आंकडा गृहीत धरतो. तासाची घटना अर्ध्या तासांहून कमी वेळांत उरकते. शांतपणें चालणारी व्यक्ति पळ काढणारी दिसूं लागते, आणि पाहणाऱ्याचें मत तेवढ्यानेंहि कलुषित होतें. रूपांतर करतांना मूळचा आंकडा देणें हाच यावर उपाय.

शेवटची गोष्ट न्यायालयाची. जालना मतदारसंघांत २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत उमेदवारी अर्ज दुपारीं तीनच्या आंत आले कीं नंतर, असा वाद निघाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील कॅमेऱ्यांचें चित्रण त्यांत पुढें आलें, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं ती निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १४ जुलै २०२० रोजीं तेथें निर्णय झाला कीं चित्रणाच्या नकलेबरोबर कायद्यांत सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. मूळ यंत्रच मालकानें साक्षीस येऊन हजर केलें तर मात्र त्याची जरूर नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येंहि हें प्रमाणपत्र कायम आहे. त्यांत फाइलीचा 'हॅश', म्हणजे गणितानें काढलेला अंगठ्याचा ठसा, नमूद करावा लागतो. फाइलींत एक बिंदु बदलला तरी तो ठसा बदलतो; रूपांतर केलेल्या नकलेचा ठसा मूळच्या ठशाशीं जुळत नाहीं. दोन वाजले कीं चार, यावर मोठमोठे निर्णय फिरतात तेथें मूळ प्रत जपण्याचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

आम्हांस न्यायालयांत जावें लागलें नाहीं. त्याच संध्याकाळीं सासूबाई व मी बाईंच्या घरीं गेलों. मीं झालें तें सर्व सांगितलें आणि क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "ताई, मी तर वेळ खरीच सांगितली होती." दुसरें कांहीं बोलल्या नाहींत.

चार दिवसांनीं त्या पुन्हां कामावर येऊं लागल्या. यंत्रांतील घड्याळ आतां बरोबर आहे. मी दर प्रतिपदेस तें ताडून पाहतें. परंतु तेव्हांपासून बाई निघतांना ओट्याच्या पायरीवर थांबतात, कोणी सांगितलेलें नसतां आपली पिशवी उघडी करून धरतात, आणि मग फाटकाकडे जातात. तसें करूं नका म्हणून मीं कितीदां विनविलें. त्या हंसून "असूं दे, ताई" म्हणतात. तें दृश्य रोज दीड वाजतां कॅमेऱ्यांत उमटतें, आणि साडेअकरा दिवसांनीं पुसलें जातें. मला मात्र तें पुसतां येत नाहीं.