किल्ली, फळी आणि रविवार

"इंग्लंडात तुमची मजा आहे बुवा, व्हीलचेअर सगळीकडे जाते!" पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा मला हे ऐकवतो. मजा आहेच. लेक डिस्ट्रिक्टमधल्या टार्न हाउज तळ्याभोवती साधारण पावणेदोन मैलांची वाट आहे. चढ दमवतात, पण कुंपण ओलांडायच्या पायऱ्या आडव्या येत नाहीत. १९८१ पासूनच्या राडार योजनेची एक किल्ली खिशात असली की देशभरातली अपंगांसाठीची हजारो स्वच्छतागृहं उघडतात. (कुठल्याही किल्ल्यापेक्षा ही किल्ली महत्त्वाची!)

माझं भांडण आहे ते रेल्वेशी. बहुतेक ठिकाणी फलाट आणि डबा यांची उंची जुळत नाही, म्हणून कुणीतरी रॅम्प आणून लावावा लागतो. २०२२ पासून दोन तास आधी कळवलं तरी चालतं, न कळवता जाऊनही मदत मागता येते. पण उतरायच्या स्टेशनवर माणूस आलाच नाही तर? प्रवासभर डोक्यात तेच. खिडकीबाहेरची हिरवळ गेली उडत.

म्हणून मला लिव्हरपूलच्या मर्सीरेलच्या नव्या गाड्या आवडतात. २०२३ पासून आलेल्या या गाड्यांच्या दाराखालून एक फळी आपोआप बाहेर सरकते आणि फट बुजते. बस्स. साउथपोर्टला जायचं रविवारी चहा पिता पिता ठरवा आणि निघा. तिथला समुद्र ओहोटीला इतका लांब जातो की दिसतच नाही, ते सोडा.

लोक मला 'ॲक्सेसिबल' राजवाड्यांच्या याद्या पाठवतात. मला ती फळी हवीय, इंग्लंडभर. आणि किनारा आवडला तर परतीची ठरलेली गाडी खुशाल सोडता आली पाहिजे.