पाठीचा बाक आणि तीन अंश

सहा महिन्यांपूर्वी मुलीच्या कण्याचा बाक २२ अंश होता. नव्या अहवालात २५ अंश. वाढत्या वयात साधारणतः याच टप्प्यावर ब्रेसचा विचार सुरू होतो, त्यामुळे आईवडिलांच्या काळजाचा ठोका चुकतो.

परंतु बाक खरोखरच वाढला का? अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडलेल्या पद्धतीत बाकाच्या दोन्ही टोकांचे सर्वाधिक कललेले मणके निवडून त्यांच्यातील कोन मोजतात. मणक्यांची निवड बदलली, की कोनही बदलतो. एकच एक्स-रे दोघा तज्ज्ञांनी मोजला, तरी ३ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो. झोपून काढलेल्या एक्स-रेत तर बाक कमीच दिसतो.

म्हणून पालकांनी केवळ अहवाल नव्हे, तर जुना एक्स-रेही जपावा. दोन्ही उभ्याने काढले होते का, मोजताना तेच मणके धरले का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. मात्र फरक किरकोळ समजून पुढील तपासणी टाळू नये. उंची झपाट्याने वाढते, त्याच काळात बाकही वेगाने वाढण्याचा धोका असतो.