मोबाईलला पाऊस कळतो, मग मालीणला का नाही कळला?



मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात 'हवामान' हा घटक शिकवत होतो. मोबाईलवर हवामानाचा अंदाज कसा बघायचा ते दाखवलं. मुलं खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मोबाईलला पाऊस कळतो, तर मग मालीणला का नाही कळला?"

तिचं आजोळ डिंभ्याच्या वर, आदिवासी पट्ट्यात आहे. मला लगेच उत्तर देता आलं नाही. तास संपला, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. त्याचंच उत्तर शोधायचा हा प्रयत्न.

मालीण आपल्याच आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला आणि १५१ माणसं गेली. गाव गाडलं गेल्याची खबर बाहेर कुणी आणली? एसटीच्या ड्रायव्हरनं. तो नेहमीसारखा गाडी घेऊन गेला, तर समोर गावच नव्हतं. उपग्रह आकाशात होते, वेधशाळा पुण्यात होती. पण त्या गावाला आधी सावध करील असं काहीच नव्हतं आणि घडल्यावर निरोप आणला तो एका माणसानं.

योगायोग बघा. त्याच वर्षी १ एप्रिलला कंपनी कायद्यातलं कलम १३५ लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. यालाच आपण सीएसआर म्हणतो. आपल्या शाळांना मिळालेल्या बेंचपासून वॉटर फिल्टरपर्यंत बऱ्याच गोष्टी यातूनच आल्या. सरकारी मदतीवर चालणाऱ्या ज्या केंद्रांमध्ये नवे स्टार्टअप वाढवले जातात, त्यांनाही हा पैसा देता येतो. कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. पेठचा घाट उतरला की खेड आणि पुढे चाकण. केवढे कारखाने! म्हणजे हा विषय आपल्या दारातलाच आहे.

आता हवामानाच्या तंत्रज्ञानात काय चाललंय ते बघू. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह आणि पाणी कधी, किती द्यायचं याचा सल्ला मोबाईलवर. दुसरं उदाहरण आपल्या सातगाव पठाराच्या जास्त जवळचं, बटाट्याचं. २०२३ मध्ये पेप्सिको इंडियानं बेंगळुरूच्या क्रॉपिन या कंपनीला बरोबर घेऊन गुजरात आणि मध्य प्रदेशात बटाट्याच्या करप्याचा इशारा आधीच देणारी पद्धत आणली. करपा म्हणजे काय हे पठारावरच्या माणसाला सांगायला नको. ढगाळ हवा, ओलसर पाला, थंडावा, की तो पसरलाच. याच रोगानं १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. असा इशारा चार दिवस आधी मिळाला तर फवारणी वेळेवर होते, फुकटची फवारणी वाचते. यात वाईट काहीच नाही. मी तर म्हणतो, हे आपल्याकडेही लवकर यावं.

पण नीट बघा, ही तंत्रं आधी पोचतात कुठे? जिथे पैसे देणारा आहे तिथे. उसामागे कारखाना आहे. वेफर्सच्या बटाट्यामागे कंपनी आहे. डिंभ्याच्या वर भातखाचरं आणि हिरडा यांवर जगणाऱ्या महादेव कोळी कुटुंबामागे कोण आहे? डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठा एकदम आला. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या माळावर शेकडो मेंढ्या रात्रीत मेल्या. त्या मेंढपाळाला 'आज रात्री आडोसा धर' एवढं सांगणारा मेसेज विकून कुठल्या स्टार्टअपचं पोट भरणार? स्टार्टअपला मी दोष देत नाही. तेही पगार देतात, कर्ज फेडतात. गिऱ्हाईक असेल तिकडेच ते जाणार.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठीच्या तंत्रज्ञानाला कंपन्यांचा सीएसआरचा पैसा मिळाला पाहिजे. आपल्या मालाचा पुरवठा टिकावा म्हणून कंपनी शेतकऱ्याला मदत करते तो तिचा व्यवहार झाला. चांगला व्यवहार, पण व्यवहारच. धंद्याच्या नेहमीच्या कामाला सीएसआर म्हणता येत नाही, हे नियमही सांगतात. आपण मात्र दोन्ही एकाच टोपलीत टाकतो आणि टाळ्या वाजवतो.

दुसरी गोष्ट अनुभवाची. पूर्वी मी ज्या शाळेवर होतो, तिथे एका कंपनीच्या मदतीनं छोटं हवामान केंद्र बसलं. कंपनीचं नाव घेत नाही. फीत कापली, फोटो निघाले, मुलांना टोप्या मिळाल्या. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात बॅटरी गेली. बसवणाऱ्या पोरांना फोन केला, तर त्यांचा स्टार्टअपच बंद पडलेला. कंपनीत विचारलं, तर "तो प्रोजेक्ट क्लोज झाला, सर." त्या खांबावर आम्ही पुढे झेंडावंदनाच्या पताका बांधायचो.

हे एकाच शाळेचं रडगाणं नाही, याचं मूळ नियमात आहे. सीएसआरचा चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. डोंगर मात्र तीन वर्षं बघून सरकत नाही. २०१४ ला मालीण, २०२१ ला महाडजवळचं तळिये, २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. यंत्राला दहा-दहा वर्षं शांत उभं राहून एका रात्री काम करावं लागतं. त्या रात्री बॅटरी चालू पाहिजे, एवढीच त्याची परीक्षा.

कुणी म्हणेल, हे काम सरकारचं आहे, कंपन्यांचं नाही. अर्धं खरं आहे. अंदाज देणं सरकारचंच काम आहे आणि ते होतंही. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' हे ॲप आपल्या पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय. शेतकऱ्यांसाठी 'मेघदूत' आहे. 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत बसलीत. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात आणि आपल्याकडे एका शिवारात धो धो तर दुसऱ्यात धुरळा. मंडळापासून वाडीपर्यंतचं शेवटचं अंतर राहतंच. तिथे रेंज नाही, स्मार्टफोन घरात एकच आणि तो कामावर गेलेल्या बापाच्या खिशात. हे अंतर कमी करायला नव्या पोरांची डोकी आणि कंपन्यांचा पैसा हवाच आहे.

तर मग शाळेत किंवा गावात उद्या असा प्रकल्प घेऊन कुणी आलं, तर आपण काय विचारायचं? मी चार प्रश्न काढलेत.

१. रेंज गेली, लाईट गेली तर इशारा कसा पोचणार? भोंगा आहे का, की नुसतं ॲपच?

२. इशारा कुठल्या भाषेत? 'अतिवृष्टीची शक्यता' वाचून आजी घर सोडत नाही. "आज रात्री शाळेत झोपायला या" म्हटलं की सोडते.

३. चौथ्या वर्षी बॅटरी कोण बदलणार? नाव आणि पैशाची तरतूद कागदावर द्या.

४. आमच्या शिवाराची माहिती कुणाच्या मालकीची? गावाला ती फुकट बघता येईल का?

या प्रश्नांनी चांगला स्टार्टअप चिडणार नाही, उलट त्याला उपयोगच होईल.

आणि आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. साधं पर्जन्यमापक विज्ञानाच्या तासाला बनवता येतं. सरळ भिंतीची बाटली, नरसाळं, पट्टी, झालं. वेधशाळा पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेते, आपणही तीच वेळ धरू. आमच्या वर्गात पाळी लावून मुलं वहीत मिलिमीटर लिहितात. डोंगरपट्ट्यातल्या शाळांनी एक कॉलम वाढवावा: 'झऱ्याचं पाणी गढूळ झालं का? जमिनीला, भिंतीला नवी भेग दिसली का?' हे घरातली म्हातारी माणसं आधीपासून बघत आलीत, आपण फक्त लिहून ठेवायचं. एखादा स्टार्टअप यंत्र घेऊन आलाच, तर त्याचा आकडा पडताळायला आपल्या वहीसारखं दुसरं काही नाही. आणि यंत्र बंद पडलं तरी वही चालू राहते.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं: "बाळा, पाऊस कळायला यंत्र लागतं, आणि ते आता आहे. ते मालीणपर्यंत न्यायचं कुणी, हे अजून ठरायचंय." ती म्हणाली, "मग आजोळच्या शाळेत पण ती बाटली लावूया ना, सर."

दिवाळीच्या सुट्टीत तिनं लावलीसुद्धा. आता पाळी आपली आहे.