अंगणातली हेरल्ड
भोसल्यांच्या तंजावरात काय किंवा अन्यत्र काय, अंगणात ताडपत्रीखाली पडलेली जुनी स्टँडर्ड हेरल्ड म्हणजे घरच्यांना अडगळच! पण हौशी माणसाने घरी दुरुस्त करायला याहून सोयीची गाडी विरळा. १९६१पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या या गाडीची बॉडी वेगळ्या सांगाड्यावर बोल्टांनी बसवलेली असते. अख्खे बॉनेट पुढे उलटते, त्यामुळे चाकावर बसूनही इंजिनाचे काम करता येते.

खरा शत्रू गंज. तंजावरला ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाचे. तेव्हा पत्रा उघडा करायचा तो पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी उतरवलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट कागदांची. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असेल, तरच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत बदल केले, की हा मान हुकण्याची भीती. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

म्हणून गाडी बाजारहाटाला हवी की मिरवायला, हे पहिला नट सोडवण्याआधीच दोघांनी बसून ठरवावे.